विंडोज ११ आणि आपल्या शाळेतले संगणक : कोणता चालेल, कोणता नाही?



शाळेतला किंवा घरातला संगणक सुरू केल्यावर 'या संगणकावर विंडोज ११ चालणार नाही' अशा अर्थाची सूचना तुम्ही पाहिली असेल. कुणी ती फुलीवर क्लिक करून बंद करतं, कुणी घाबरून जातं. आणि काही ठिकाणी याच सूचनेचा आधार घेऊन 'सर, ही सगळी लॅब आता भंगार झाली, नवीन घ्यावी लागेल' असं सांगणारे विक्रेतेही येऊन गेले आहेत. आपल्या शाळांमधले बरेचसे संगणक लोकवर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आलेले आहेत. गावाने दहा-दहा, वीस-वीस रुपये जमवून घेतलेली वस्तू कुणाच्या एका वाक्यावर भंगारात काढायची का? म्हणून हा विषय नीट समजून घेऊया. तांत्रिक शब्द येतील, पण एकेक करून सोडवू.

विंडोज १० चे नेमके काय झाले?

विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिला मोफत सुरक्षा अपडेट देणे थांबवले. एवढंच झालं. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. वर्ड चालतं, प्रिंट निघते, यू-डायस प्लस आणि शालार्थची पोर्टलंही उघडतात. मग काळजी कशाची? तर विंडोजमध्ये नव्याने सापडणाऱ्या त्रुटी आता आपोआप दुरुस्त होत नाहीत. घराला कुलूप तेच आहे, पण त्याची चावी चोराला सापडली तर कुलूप बदलून द्यायला कुणी येणार नाही, असं समजा. ज्या संगणकावर विद्यार्थ्यांची आधार माहिती, बँक खाती, शिक्षकांचे पगार हाताळले जातात त्याच्यासाठी ही गोष्ट मोठी आहे. ज्यावर दुसरीची मुलं फक्त पेंट आणि टायपिंग करतात आणि ज्याला इंटरनेटची वायरच लावलेली नाही, त्याच्यासाठी फारशी मोठी नाही. दोन्ही संगणकांना एकच नियम लावायची गरज नाही. हा मुद्दा शेवटपर्यंत लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच अवलंबून आहेत.

मध्ये एक सवलतही आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना दिली. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तिची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर पैसे न भरताही नोंदणी करता येते. शैक्षणिक संस्थांसाठी वेगळे दर आहेत : पहिल्या वर्षी प्रति संगणक एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. दर अगदी कमी आहे, पण ही खरेदी संस्थांसाठीच्या परवाना पद्धतीतून होते. एकट्या दोन शिक्षकी शाळेने करण्यापेक्षा तालुका किंवा जिल्हा पातळीवर कुणी मनावर घेतलं तर जमण्यासारखी गोष्ट आहे.

विंडोज ११ ला हवे तरी काय?

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्या किमान अटी वाचल्या तर पहिल्यांदा हसू येतं. १ गिगाहर्ट्झ वेगाचा, किमान दोन कोअरचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण जागा. एवढं तर दहा-बारा वर्षांपूर्वीच्या संगणकातही असतं. मग आपला संगणक नापास का होतो? कारण खरी चाळणी पुढच्या तीन अटींची आहे : टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि प्रोसेसरची पिढी. त्या तीनही अटी संगणकाच्या ताकदीपेक्षा सुरक्षिततेशी जास्त जोडलेल्या आहेत.

टीपीएम म्हणजे संगणकातली छोटीशी तिजोरी. पासवर्डच्या आणि डिस्कच्या कुलपाच्या गुप्त किल्ल्या हार्डडिस्कवर न ठेवता ती आपल्याजवळ वेगळ्या ठेवते. काही संगणकांत ती स्वतंत्र चिप असते, बऱ्याच संगणकांत प्रोसेसरमध्येच सोय असते. इंटेलच्या संगणकात तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या संगणकात एफटीपीएम. गंमत अशी की अनेक संगणकांत ही तिजोरी असते, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. म्हणजे संगणक नापास नाही, त्याने पेपरवर बैठक क्रमांकच लिहिलेला नाही!

सिक्युअर बूट म्हणजे फाटकावरचा शिपाई. संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी एखादा घातक प्रोग्रॅम घुसू नये म्हणून तो प्रत्येकाची ओळख तपासूनच आत सोडतो. त्यासाठी संगणकात जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय ही नवी पद्धत लागते. इथेही एक मेख आहे. संगणक नवीन पद्धतीचा असला तरी विंडोज १० टाकणाऱ्याने ती जुन्या म्हणजे लेगसी पद्धतीने टाकली असेल, तर तपासणीत 'सिक्युअर बूट नाही' असंच दिसतं. अशा वेळी आधी डिस्कची रचना एमबीआरमधून जीपीटीमध्ये बदलावी लागते. त्याचं साधन विंडोज १० मध्येच दिलेलं आहे. मग बायोसमध्ये यूईएफआय निवडायचं. हा क्रम उलटा केला तर संगणक सुरूच होत नाही. त्यामुळे हे काम जाणकाराकडून करून घ्या आणि त्याआधी सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर काढा. निकालपत्रकं, दाखल्यांच्या फाइल्स, मागच्या वर्षांचे फोटो, सगळं.

तिसरी अट प्रोसेसरची, आणि हिला मात्र कोणताही इलाज नाही. इंटेलच्या कोअर मालिकेत साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर मान्य आहेत. पिढी ओळखायची कशी? नावातल्या आकड्यावरून. आय३-८१०० यात आडव्या रेघेनंतर ८ आहे, म्हणजे आठवी पिढी, चालेल. आय५-७४०० म्हणजे सातवी, नाही चालणार. आय३-२१२० म्हणजे दुसरी. आय५-१०४०० यात आकडे पाच आहेत, त्यामुळे पहिले दोन घ्यायचे, दहावी पिढी. इथे बरेच जण फसतात आणि '१' वाचून पहिली पिढी समजतात. 'आय७ आहे म्हणजे चांगलाच असणार' हाही असाच गैरसमज. तिसऱ्या पिढीचा आय७ वेगाने चांगला पळत असला तरी यादीत नाही, आणि त्याच्यापुढे साधा वाटणारा आठव्या पिढीचा आय३ यादीत आहे. एएमडीमध्ये रायझेन २००० मालिकेपासूनचे बहुतेक चालतात, पण सगळे नाहीत. २२००जी आणि २४००जी हे दोन, जे स्वस्त संगणकांत बरेच बसवले गेले, ते त्या यादीत नाहीत. सेलेरॉन आणि पेंटियमच्या नावांवरून मात्र काहीच कळत नाही, तिथे सरळ मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरची प्रोसेसरची यादी पाहावी.

आणखी एक मोठा फरक. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्तीही होती, विंडोज ११ ची नाही. शाळेच्या संगणकात २ जीबी रॅम म्हणून कुणी पूर्वी ३२ बिट विंडोज टाकलेली असेल, तर प्रोसेसर मान्य असूनही वरच्यावर अपग्रेड होणार नाही, सगळं नव्याने टाकावं लागेल.

आता तपासून पाहूया

मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो चालवला की कोणत्या अटीत संगणक अडकला ते सांगतो. पण इंटरनेट नसेल तरी हाताने तपासता येतं. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जी छोटी चौकट येईल तिच्यात इंग्रजी अक्षरांत टीपीएम, मग टिंब, मग एमएससी असं लिहून एंटर करा. तिजोरी चालू असेल तर खाली तिची आवृत्ती दिसते, ती २.० हवी. त्याच चौकटीत एमएसइन्फो३२ असं सलग लिहिलं तर प्रोसेसरचं नाव, रॅम, बायोस मोड लेगसी आहे की यूईएफआय, आणि सिक्युअर बूटची स्थिती, सगळं एकाच पानावर मिळतं. हे पान मी सहावी-सातवीच्या मुलांकडूनच वाचून घेते. प्रत्येक संगणकामागे दोन मुलं, एक वाचतो, दुसरी वहीत लिहिते. अर्ध्या तासात लॅबची पूर्ण यादी तयार होते, आणि 'प्रोसेसर म्हणजे काय' हा पाठ वेगळा शिकवावा लागत नाही. 'बाई, आमच्याला आठ नंबर आहे!' असं मुलं ओरडून सांगतात.

यादी हातात आली की संगणकांचे आपोआप तीन गट पडतात. काही थेट पास. काही फक्त बायोसमधल्या सेटिंगसाठी अडलेले. आणि उरलेले प्रोसेसरमुळे कायमचे बाहेर. विक्रेत्याशी बोलायला बसायचं ते ही यादी समोर ठेवूनच. आमच्या भागातल्या एका शाळेला सहाही संगणक निकामी असल्याचं सांगितलं गेलं होतं. यादी केल्यावर त्यातले दोन फक्त टीपीएम बंद असल्यामुळे अडले होते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो कागद ठेवल्यावर चर्चेचा सूरच बदलला.

आता माझं स्पष्ट मत. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ 'चालते' हे कागदावर खरं आहे, पण क्रोममध्ये चार टॅब उघडले की संगणक गाभूळतो. ८ जीबी रॅम आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, हे दोन बदल केले तर आठव्या पिढीचा संगणक नव्यासारखा वाटतो. एसएसडी ही विंडोज ११ ची लेखी अट नाही, तरीही एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर मी तिच्यावरच करेन. नवीन मॉनिटर, नवीन कॅबिनेट याने मुलांच्या हाती काही जास्त पडत नाही.

चालली, तर मिळणार काय?

सगळी वैशिष्ट्यं सांगत बसत नाही, शिक्षकाच्या उपयोगाची तेवढी सांगते. विंडोजचं बटण आणि एच एकत्र दाबलं की बोलून टाइप करता येतं, आणि त्यात मराठी भाषाही आहे. इंटरनेट आणि बरा माइक लागतो. जोडाक्षरं चुकतात, विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, पण प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा पटकन तयार होतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. तो खरं तर विंडोज १० मध्येही २०१९ च्या अपडेटपासून आहे, तेव्हा त्यासाठी ११ ची वाट पाहायला नको.

मॅक्झिमाइजच्या चौकोनावर माउस नेला की पडद्याच्या वाटण्या दाखवणारा छोटा नकाशा येतो. एका बाजूला दीक्षावरचा व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला वर्ड असं लावायला याची फार मदत होते. स्निपिंग टूलमध्ये आता पडद्याचं चित्रीकरण करता येतं, म्हणजे एखादं गणित सोडवून दाखवायचा व्हिडिओ बनवायला दुसरं सॉफ्टवेअर शोधायला नको. फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आले. पेंटमध्ये फोटोची पार्श्वभूमी काढता येते, मुलांना हा खेळ भारी आवडतो. स्टार्टचं बटण मध्यभागी गेलंय, त्याने पहिले चार दिवस चिडचिड होते, पण सेटिंग्जमधून ते पुन्हा डावीकडे आणता येतं. टास्कबार पडद्याच्या वर किंवा बाजूला न्यायची जुनी सोय मात्र विंडोज ११ आली तेव्हाच काढून टाकली गेली.

जुन्या सामानाचं काय? कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटमधल्या फाइल्स उघडतात, फाँट टाकलेला असला की झालं. पण जुनं टायपिंग सॉफ्टवेअर जर डाँगलवर चालणारं असेल आणि त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचाच असेल, तर ते ६४ बिट विंडोजवर चालत नाही. हीच गोष्ट जुन्या प्रिंटर आणि स्कॅनरची. त्यामुळे शाळेत एकच प्रिंटर असेल तर विंडोज बदलण्याआधी त्या मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. खूप जुन्या शैक्षणिक सीडींमधले १६ बिटचे प्रोग्रॅमही ६४ बिट विंडोजवर उघडत नाहीत. एखादी आवडती सीडी असेल तर तिच्यासाठी एक जुना संगणक तसाच, इंटरनेटशिवाय ठेवणं हेच सोपं.

आता एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही आणि जी आपल्या बदल्यांच्या नोकरीत फार महत्त्वाची आहे. विंडोज ११ होम नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट खातं मागते. आपण पटकन स्वतःचा ईमेल देऊन मोकळे होतो. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून अशा नव्या संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद म्हणजे एनक्रिप्ट होण्याचं प्रमाण खूप वाढलंय, आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. उद्या मदरबोर्ड बिघडला, बायोस बदलला, तर संगणक ती की मागतो. तोवर तुमची बदली दुसऱ्या तालुक्यात झालेली असेल, ईमेल बदललेला असेल, आणि शाळेचं पाच वर्षांचं दप्तर त्या डिस्कमध्ये अडकलेलं! म्हणून शाळेच्या नावाचं वेगळं खातं काढा, त्याचा पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, आणि चार्ज देताना-घेताना त्याचीही नोंद करा.

जे यादीत बसत नाहीत त्यांचे काय करायचे?

अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे लोक आहेत, तशी साधनंही मिळतात. घरच्या संगणकावर प्रयोग म्हणून कुणी केलं तर ज्याची त्याची हौस. शाळेच्या संगणकावर मी हे करू देणार नाही. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटलंय की अशा संगणकांना अपडेट मिळण्याची हमी नाही. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी सगळी धडपड, तीच बेभरवशाची. शिवाय २४एच२ ला प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना लागतात, त्या कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरमध्ये नाहीतच. त्यावर ती आवृत्ती सुरूच होत नाही, कितीही युक्ती करा.

त्यापेक्षा लिनक्स बघा. नाव ऐकून दचकू नका. लिनक्स मिंट २२ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि ती मोफत आहे. तिची किमान अट २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा, आरामात वापरायला ४ जीबी. टीपीएमची अट नाही. जुन्या संगणकासाठी तिचा एक्सएफसीई हा हलका प्रकार घ्यावा. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही चालतात, लिबर ऑफिस आधीपासूनच असतं, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस नावाचा खेळांचा मोठा संच मोफत टाकता येतो : माउस धरायला शिकण्यापासून घड्याळ, बेरीज, नकाशापर्यंत. आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून, हार्डडिस्कला हात न लावता, दोन दिवस वापरून बघता येते. पटली तर टाका, नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्या. केरळमधल्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच शिकवतात, तिथे काईट ही सरकारी कंपनी शाळांसाठी खास आवृत्ती तयार करून देते.

अडचणीही सांगते. वर्डमध्ये बनवलेला तक्त्यांचा नमुना लिबर ऑफिसमध्ये थोडा विसकटतो. डिजिटल स्वाक्षरीचं डाँगल आणि काही प्रिंटर त्रास देतात. म्हणून माझी विभागणी अशी असते : ऑफिसच्या कामाचा एक संगणक विंडोज ११ चा, नियमात बसणारा, अपडेट होणारा. मुलांच्या लॅबमधले जुने सगळे मिंटवर. निधी मिळाला तरी नवीन संगणक आधी ऑफिसलाच द्यावा असं मला वाटतं, कारण संवेदनशील माहिती तिथे आहे. मुलांना नवीन संगणकापेक्षा हाताला येणारे जास्त संगणक हवे असतात.

आणि समजा एखादा खरोखरच निकामी झाला, तर तो थेट भंगारवाल्याला देऊ नका. तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेला असतो. निर्लेखनाचा प्रस्ताव, मंजुरी आणि मग अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे, असा मार्ग आहे. त्याआधी हार्डडिस्क काढून घ्या, तिच्यात मुलांची माहिती आहे. रॅमची पट्टी दुसऱ्या संगणकात बसते का तेही बघा.

पालकांसाठी थोडेसे

मुलासाठी वापरलेला संगणक किंवा लॅपटॉप घेणार असाल तर दुकानदार 'विंडोज ११ टाकलेली आहे' म्हणतो तेवढ्यावर जाऊ नका. ती अटी चुकवून टाकलेली असू शकते. दुकानातच एमएसइन्फो३२ उघडायला लावा, प्रोसेसरचा आकडा वाचा आणि टीपीएम २.० दिसते का बघा. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज ॲक्टिव्ह आहे ना, तेही पाहा. सातव्या पिढीचा आणि आठव्या पिढीचा लॅपटॉप शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच असतात, किमतीतही फार फरक नसतो. नवीन घेताना दुकानदार 'एआय पीसी' घ्यायला सांगेल. मायक्रोसॉफ्ट ज्यांना कोपायलट प्लस म्हणते त्या संगणकांना किमान १६ जीबी रॅम आणि त्या कामासाठीचा वेगळा प्रोसेसर लागतो, म्हणून ते महाग असतात. चौथी-पाचवीच्या मुलाला गृहपाठ, चित्रं आणि थोडं कोडिंग करायला त्यांची गरज नाही. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि यादीतला प्रोसेसर एवढं पुरेसं आहे. आणि घरातला जुना संगणक रिकामा पडला असेल, चालू स्थितीत असेल, तर शाळेत विचारा. देण्याआधी त्यातले घरचे फोटो आणि फाइल्स तेवढ्या काढून घ्या.